वाचक विचारतात: माहिती दिली एका कामासाठी, गेली कुठे?

खासगीपणा आणि डेटा कायदा या विषयावर इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. विषयच असा असल्याने पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न: पत्नीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट एका लॅबने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून दिला. लिंकच्या शेवटी एक क्रमांक आहे. संगणकावर टाइप करताना त्यातला एक अंक चुकला, तर दुसऱ्याच कुणा बाईंचा रिपोर्ट नाव-वयासकट उघडला. नवा डेटा कायदा आला आहे असे वाचतो. तक्रार कुठे करायची? (सुदामानगर)

उत्तर: आधी एक सावधगिरी. आणखी आकडे बदलून पाहू नका. चुकून एकदा उघडणे वेगळे आणि मुद्दाम दहा रिपोर्ट उघडणे वेगळे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरल्याचे बालंट उलट तुमच्यावरच येऊ शकते. स्वतःची लिंक, तारीख-वेळ आणि त्या बाईंचे नाव काळे करून घेतलेला एक स्क्रीनशॉट एवढा पुरावा पुरतो. तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नका.

दोष कुठे आहे तेही समजून घ्या, म्हणजे तक्रारीत नेमके लिहिता येईल. सॉफ्टवेअर रिपोर्टना ओळीने क्रमांक देते आणि लिंक उघडणारा माणूस कोण, हे सर्व्हर तपासतच नाही. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र लागतात. क्रमांकाऐवजी अंदाज न येणारी लांब अक्षरमाला, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी, आणि काही दिवसांनी लिंक बंद होणे. नुसती अक्षरमाला लांब केली तर पुढे ढकललेली लिंक कुणालाही उघडतेच.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण सगळा कायदा एकदम सुरू झालेला नाही. डेटा संरक्षण मंडळाविषयीचा भाग लगेच लागू झाला. संमती, सुरक्षा, माहिती फुटल्यावर कळवणे, दुरुस्ती आणि पुसून टाकण्याचा हक्क ही मुख्य कलमे मात्र १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे जुने कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांवरच भिस्त आहे. त्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' माहितीत मोडतात. लॅबच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, निवारणाची मुदत एक महिना आहे. सोबत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवा (१८००-११-४९४९). अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवण्याचे बंधन २०२२ पासून संस्थांवर आहे. निष्काळजीपणामुळे खरोखर नुकसान झाले असेल तर भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे आपल्याकडे भोपाळला, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने चालतो. मर्यादा ५ कोटी रुपये.

मे २०२७ नंतर लॅबला प्रत्येक बाधित रुग्णाला आणि मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मात्र हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, आणि त्याच वेळी भरपाई देणारे कलम ४३-अ रद्द होते. ज्या बाईंचा रिपोर्ट उघडा पडला त्यांच्या हाती मंडळाकडून काहीच येणार नाही. आमच्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट राहील, पण तिथे नुकसान सिद्ध करणे सोपे नाही.

प्रश्न: आमचे मराठी मंडळ दरवर्षी वधू-वर मेळावा घेते. यंदा छापील सूचीबरोबर पीडीएफही ग्रुपवर टाकली. आठवड्याभरात एका मुलीला अनोळखी फोन येऊ लागले. मंडळ छोटे, नफा नाही. तरीही कायदा आम्हाला लागू होतो का? पुढच्या वर्षी काय करावे? (लोकमान्यनगर)

उत्तर: लागू होईल. कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत नोंदणी नसलेली माणसांची संघटनाही येते. सूट आहे ती एखाद्याने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला. मावशीने भाचीला एक स्थळ व्हॉट्सॲपवर पाठवले तर ते घरगुती. मंडळाने दोनशे स्थळांची सूची पाठवली तर नाही. कागदावरच राहिलेला फॉर्म कायद्याबाहेर आहे, पण तो एक्सेलमध्ये चढला की आत आला.

आधी झालेल्या गोष्टीचे निस्तरा. ग्रुप ॲडमिनने ती पीडीएफ सर्वांसाठी काढून टाकावी, पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहणारच, हे गृहीत धरा. म्हणून सूचीतल्या प्रत्येकाला फोन करून काय बाहेर गेले ते सांगा. हे अवघड वाटते, पण मुलीला अनोळखी फोन येण्याआधी कळलेले बरे.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मपासून खरी सुधारणा सुरू होते. बहुतेक मंडळांत फॉर्म वडील भरतात आणि सहीही तेच करतात. मुलगा-मुलगी अठरा वर्षांवरील असतील तर त्यांच्या वतीने वडिलांनी केलेली सही ही त्यांची संमती नव्हे. सही उमेदवाराचीच हवी. छापील सूची, पीडीएफ, आणि पुणे-नागपूर-बडोद्याच्या मंडळांना पाठवणे या तीन गोष्टींना तीन वेगळे चौकोन ठेवा, आधीपासून खूण नसलेले. 'मंडळाच्या सर्व नियमांना मान्यता' या एका ओळीत तिन्ही कोंबल्या तर ती मोकळी, नेमकी संमती राहत नाही, आणि संमती योग्य रीतीने घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार मंडळावर आहे. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, तेव्हा मराठी फॉर्म हा कायद्याच्या दृष्टीनेही योग्यच.

सूचीत काय छापायचे? नाव, जन्मवर्ष, शिक्षण, नोकरीचे क्षेत्र, शहर, उंची, अपेक्षा. घरचा पत्ता, मोबाइल, कंपनीचे नाव, पगाराचा आकडा, घटस्फोटाचा किंवा आजारपणाचा तपशील नको. हे सगळे दोन घरे बोलू लागल्यावर बोलायचे विषय आहेत. अडते ते पत्रिकेपाशी. जन्मतारीख, वेळ, स्थळ तिन्ही छापण्याची पद्धत आहे, पण छत्तीस गुणांच्या मेलनासाठी राशी, नक्षत्र, चरण एवढे पुरते. तेवढेच आणि 'मंगळ आहे/नाही' छापा, पूर्ण पत्रिका घरोघर नंतर जाऊ द्या. पूर्ण जन्मतारखेबद्दल आमचा इतका आग्रह का? लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ संशोधिकेने अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेवपणे पटू शकते. इंदूरच्या मराठी समाजासारख्या आटोपशीर वर्तुळात तर याहून कमी माहिती पुरेल. शिवाय जन्मतारीख हे बँकेच्या फोनवरच्या पडताळणीत विचारले जाणारे उत्तर आहे.

संपर्कासाठी मंडळाचा एकच फोन आणि प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक. चौकशी आली की कार्यवाहांनी त्या घरी विचारून मगच नंबर द्यायचा. काम वाढते, हे खरे. पासवर्ड घातलेल्या पीडीएफवर भरवसा ठेवू नका, पासवर्ड त्याच संदेशात पुढे जातो. प्रत देताना पानोपान घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक फिकट छापला तर निदान कुठून फुटली ते कळते.

गूगल फॉर्म वापरत असाल तर दोन चुका हमखास होतात. एक, 'निकालाचा सारांश पाहा' हा पर्याय चालू राहतो आणि फॉर्म भरणारा प्रत्येक जण आधीच्यांची उत्तरे पाहतो. दुसरी, उत्तरांच्या शीटची लिंक 'ज्याच्याकडे लिंक तो पाहील' अशी ठेवली जाते. फॉर्म कार्यवाहांच्या वैयक्तिक खात्यावर नको, मंडळाच्या खात्यावर हवा, दुहेरी पडताळणीसह. नाहीतर कार्यकारिणी बदलते आणि डेटा जुन्या कार्यवाहांच्या लॅपटॉपवर राहतो. मेळाव्यानंतर एक वर्षाने सगळे पुसायचे हे फॉर्मवरच छापा आणि ती तारीख इतिवृत्तात लिहा. लग्न जमल्याचे कळले की त्याच आठवड्यात नोंद काढा. तीन वर्षांपूर्वी लग्न झालेल्या मुलीचा फोटो अजून फिरत असल्याच्या तक्रारी इथूनच जन्मतात.

प्रश्न: दुकानात बिल करताना मोबाइल नंबर सक्तीने मागतात. द्यावाच लागतो का? (विजयनगर)

उत्तर: नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना असा आग्रह न धरण्याची सूचना दिली आहे. 'नंबरशिवाय बिल करा' म्हणा. काही बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा राहत नाही, तिथे दुकानदाराने स्वतःचा नंबर टाकावा. नव्या कायद्यात औषधाच्या दुकानाचेच उदाहरण दिले आहे. पावतीसाठी स्वतःहून नंबर दिला तर तो पावतीपुरता वापरता येतो, दिवाळीच्या जाहिरातींसाठी नाही.

प्रश्न: कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. शोधनिबंध खासगीपणावर आहे. जी नावे वाचते ती सगळी अमेरिकन. आपल्याकडचे काय? शिवाय सराफ्यातल्या पन्नास-साठ दुकानदारांची पाहणी करायची आहे, त्यांची संमती लागेल का? (तिलकनगर)

उत्तर: अमेरिकन नावे टाळू नका, पण ती कुठल्या अडचणीतून आली ते पाहा. वॉरन आणि ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत 'एकटे असू देण्याचा हक्क' मांडला, तो झटपट छायाचित्रे आणि चवचाल वृत्तपत्रे यांना तोंड देताना. ॲलन वेस्टिन यांनी १९६७ मध्ये खासगीपणा म्हणजे स्वतःविषयीच्या माहितीवर आपला ताबा, असे मांडले. आजचे 'मी सहमत आहे' बटण या विचाराच्या वळणाचे आहे. डॅनियल सोलोव्ह यांनी २०१३ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले: शेकडो संस्था, प्रत्येकीचे लांबलचक धोरण आणि परिणाम कळणार वर्षांनी, अशा स्थितीत एकटा माणूस ताबा ठेवणार कसा? हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये वेगळी कसोटी सुचवली: माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाच्या रीतीप्रमाणेच ती वाहते आहे का? डॉक्टरला सांगितलेला आजार दुसऱ्या डॉक्टरकडे जाणे रीतीला धरून आहे, विमा एजंटाकडे जाणे नाही, मग सही केलेली असो वा नसो. तुम्ही निसेनबॉमपासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते. आपला २०२३ चा कायदा संमतीवर फार भार टाकतो, आणि तो भार कुठे पेलत नाही हे या कसोटीतून स्पष्ट दिसते.

भारतीय धागा आपल्या शेजारूनच सुरू करता येतो. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीपुढे ठेवलेल्या मसुद्यात घर, कागदपत्रे आणि वस्तू यांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. अंतिम घटनेत ते कलम आले नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क नाकारताना याच अभावाचा आधार घेतला. (यातले एम. पी. म्हणजे मध्य प्रदेश नव्हे. शोधनिबंधांत ही चूक होते.) १९६२ मध्ये खडक सिंग खटल्यात रात्री घरी जाऊन पाहणी करण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम रद्द झाला, पण खासगीपणा हा हक्क म्हणून मान्य झाला नाही. मग १९७५ चा गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. यात आपल्याच राज्याच्या पोलीस नियमावलीतले ८५५ आणि ८५६ हे पाळतीचे नियम कसोटीला लागले. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी खासगीपणाचा हक्क आहे असे धरून चालून ते नियम रद्द न करता त्यांचा अर्थ मर्यादित केला. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

त्या ५४७ पानी निकालात सहा स्वतंत्र मतपत्रे आहेत. सारांशावरून उद्धरणे घेतली की एका न्यायमूर्तींचे वाक्य साऱ्या पीठाच्या तोंडी जाते. न्या. चंद्रचूड यांचे मतपत्र चौघांचे आहे. कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता ही तिहेरी कसोटी त्यात आहे, गैरवापर रोखणाऱ्या कार्यपद्धतीची चौथी अट न्या. कौल यांच्या मतपत्रात आहे. निबंधाचा विषय अजून पक्का नसेल तर एक सुचवतो: २०१७ ची ही कसोटी १९७५ च्या त्या ८५५-८५६ नियमांना लावून पाहा. मूळ नियम, निकाल आणि कसोटी तिन्ही हाताशी आहेत, आणि इंदूरच्या विद्यार्थिनीने हे काम करण्याला अर्थ आहे.

पाहणीबद्दल. संशोधनासाठी डेटा कायद्याच्या कलम १७ मध्ये सूट आहे, पण दोन अटींवर. त्या माहितीवरून त्याच माणसाबद्दल काही निर्णय घेतला जाऊ नये, आणि नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतली मानके पाळावीत. कायद्याची सूट असली तरी संस्थेच्या आचारसंहितेनुसार लेखी संमती घ्याच. उत्तरपत्रिकेवर नाव नको, सांकेतिक क्रमांक घाला, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या जागी ठेवा. ध्वनिमुद्रण लिहून काढल्यावर पुसा. खरी फसगत लेखनात होते. 'सराफ्यातले तीन पिढ्यांचे, फक्त चांदीचे दुकान' असे लिहिले की नाव न घेताही अख्खा बाजार ओळखतो. असे वर्णन दोन-तीन दुकानांना लागू होईल इतके सैल करा.

प्रश्न: शेजाऱ्यांचा कॅमेरा आमच्या दारावर आणि न्हाणीघराच्या खिडकीकडे रोखलेला आहे. (वैशालीनगर)

उत्तर: घरगुती वापराला डेटा कायद्यात सूट असल्याने त्याचा उपयोग नाही. आधी समोरासमोर बोला. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते, तुमची खिडकी त्यात झाकायला सांगा आणि मोबाइलवर दाखवायला सांगा. मायक्रोफोनही बंद करायला लावा. ऐकले नाही तर रहिवासी संघाला, मग ठाण्यात लेखी अर्ज. न्हाणीघराचा प्रश्न गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-ई अशा चित्रणाला गुन्हा ठरवतात. अर्जात कॅमेऱ्याची जागा, उंची आणि रोख दाखवणारा फोटो जोडा.

प्रश्न: हॉटेल, सिमकार्ड, भाड्याचे घर, सगळीकडे आधारची झेरॉक्स. मी पेन्शनर आहे, अंगठ्यावर पैसे निघाल्याच्या बातम्यांची भीती वाटते. (रामबाग)

उत्तर: सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांना आधार सक्तीने मागण्याची वाट बंद झाली. ओळख मागितली तर मतदार कार्ड किंवा वाहन परवाना द्या. आधारच द्यायचे तर मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने आत जा, डाउनलोड करताना मास्क्डची खूण करा. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष, म्हणजे ओळखीच्या कुणालाही सुचेल असा. म्हणून फाइल पाठवू नका, छापून द्या आणि प्रतीवर आडवे लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. अक्षरे मजकुरावरून जाऊ द्या. कोपऱ्यात लिहिलेले कापले जाते.

अंगठ्याचे पैसे आधार-आधारित पेमेंट प्रणालीतून निघतात. मालमत्तेच्या दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे बनवून ही चोरी झाली आहे. त्याच संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. मग नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवशी यंत्र ३३० क्रमांकाची त्रुटी दाखवते आणि पेन्शनर घाबरतात. ती लॉकची खूण आहे. त्या दिवसापुरते उघडा. महिन्यातून एकदा 'प्रमाणीकरण इतिहास' बघा, मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळतात. अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन आणि बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या खातेदाराची जबाबदारी शून्य धरली जाते.

प्रश्न: रस्त्याच्या कामाचे देयक आणि मोजमाप पुस्तिका माहिती अधिकारात मागितली. एका कार्यालयाने 'वैयक्तिक माहिती, नव्या डेटा कायद्याने देता येत नाही' असे उत्तर दिले. (स्नेहलतागंज)

उत्तर: माहिती अधिकार कायदा बदलणारा नव्या कायद्याचा हा भाग मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला आहे. आधी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकाला नाकारू नये, हे परंतुकही होते. हे सगळे गेले. 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण उरले. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेल्या कायद्याने कार्यालयाला झाकण मिळावे, हे आम्हाला घातक वाटते.

तरी तुमची बाजू पक्की आहे. वैयक्तिक माहिती म्हणजे एखाद्या माणसाविषयीची. कंत्राटदार कंपनीला दिलेले देयक आणि रस्त्याची जाडी हा कुणाचा वैयक्तिक तपशील नव्हे. दुसरे, कलम ८(२) शाबूत आहे: माहिती देण्यातले जनहित नुकसानीपेक्षा मोठे असेल तर ती देता येते. जनहित मोघम लिहू नका. कुठला रस्ता, किती खर्च, कुठल्या महिन्यात उखडला, कोण पडले, हे लिहा आणि फोटो जोडा. तिसरे, कलम १०: सही करणाऱ्याचा मोबाइल किंवा बँक खाते झाकून उरलेले पान द्या, असे स्वतःच सुचवा. परवाने आणि सवलती मिळालेल्यांचे तपशील तर कलम ४(१)(ब) नुसार न मागताच जाहीर करायचे असतात.

पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यात कलम १९(५) जरूर लिहा, नकार योग्य होता हे दाखवण्याचा भार माहिती अधिकाऱ्यावर आहे. तिथेही नकार आला तर ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करा, आणि दोन्ही वेळा पोचपावती असलेल्या टपालाची प्रत जपून ठेवा.